सॅटिन नेकची निगा: काय काढायचं आणि काय कधीच लावायचं नाही

ऑगस्टमधल्या सांगलीत गिटारच्या ग्लॉसी, म्हणजे चकचकीत नेकवर (हातात धरायच्या लांब दांड्यावर) अंगठा चिकटतो, सॅटिन, म्हणजे बिनचमकीच्या नेकवर तो सरकतो. पहिली गिटार घेताना दुकानदार सॅटिन नेक पुढे करतो तो बहुतेक याच कारणासाठी. पण वर्षभरात त्याच नेकचा मधला भाग चकाकायला लागतो, बोट अडखळायला लागतं, आणि नवा वादक ‘मळला असेल’ असं समजून त्यावर फर्निचर पॉलिशचा फवारा मारतो. तिथून नेक मूळपदाला आणणं कठीण होऊन बसतं. म्हणून कापड हातात घेण्याआधी सॅटिन म्हणजे नेमकं काय ते पाहू.

सॅटिन म्हणजे कमी पॉलिश मारलेलं लाकूड, असा पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. लॅकरचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या पारदर्शक लेपाचा थर ग्लॉसी नेकवर असतो तसाच सॅटिनवरही असतो. फरक इतकाच की सॅटिनच्या लॅकरमध्ये सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. लॅकर वाळून आकसलं की या पुडीमुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खड्डे तयार होतात. उजेड त्यांवर पडून चहूकडे विखुरतो, त्यामुळे चमक दिसत नाही. हात टेकतो तो फक्त उंचवट्यांच्या टोकांवर, त्यामुळे कातडी चिकटत नाही.

हा सॅटिनपणा दोन तऱ्हांनी जातो. एक, खड्डे भरतात: घाम, तेल, मळ, मेण, सिलिकॉन, काहीही. दोन, उंचवटे झिजून सपाट होतात. खड्ड्यांत भरलेलं पुसून निघतं. झिजलेला उंचवटा कितीही पुसला तरी परत येत नाही, आणि घासून पुसाल तर शेजारचे उंचवटेही जातात. त्यामुळे सॅटिन नेकवरून जे साचलंय ते काढायचं, वरून लावायचं काहीच नाही. बाजारात मिळणारं गिटार पॉलिश, कारच्या डॅशबोर्डचा स्प्रे, मेणाचं पॉलिश, खोबरेल तेल, सगळं याच कारणासाठी वर्ज्य. यातलं सिलिकॉन तर लॅकरवर असं बसतं, की पुढे कधी नेकवर नवा थर मारायची वेळ आली तर तिथे लॅकर टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात.

आधी फिनिश ओळखा

तुमच्या मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात ‘नेक फिनिश’, म्हणजे नेकवरचा लेप, ही ओळ शोधा. बहुतेक नव्या गिटारींवर पॉलियुरेथेन असतं, ज्याला आपल्याकडचे सुतार पीयू म्हणतात. यामाहाच्या एफजी८०० या अकूस्टिकचा नेक मॅट आहे. फेंडरच्या प्लेयर मालिकेतल्या स्ट्रॅटोकास्टरला नेकच्या मागे सॅटिन यूरेथेन आहे, पुढून ग्लॉस. पीयू टणक असतं आणि थोडाफार हलगर्जीपणा सोसतं.

दुसरा प्रकार नायट्रोसेल्युलोज, म्हणजे रंगाच्या दुकानातलं एनसी लॅकर ज्या कुळातलं आहे ते. गिब्सनच्या सॅटिन आणि फेडेड मॉडेलांवर हे सापडतं. हे नाजूक असतं, घामाने आणि रबराने मऊ पडतं, स्पिरिटनेही बिघडतं. तिसरा प्रकार तेल-मेणाचा. म्युझिक मॅनच्या अनेक नेकना फक्त गनस्टॉक ऑइल (बंदुकीच्या दस्त्याला लावायचं तेल) आणि मेण असतं, लॅकरचा थर नसतो. या नेकची रीत वेगळी आहे, ती पुढे दिली आहे.

माहितीपत्रक मिळालं नाही, गिटार जुनी घेतलेली असेल, किंवा स्थानिक कारागिराने बनवलेली असेल, तर ती नायट्रो आहे असं धरून चाला. नायट्रोला जे चालतं ते पीयूला चालतंच.

नेक वाचायला शिका

खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च नेकच्या अगदी कडेला, जवळपास समांतर धरा, आणि नेक हळूहळू फिरवत पाहा. तीन गोष्टी दिसू शकतात.

मळ असेल तर धुरकट, ओबडधोबड पट्टे दिसतात, बोटांच्या जागा ओळखू येतात. हलक्या ओल्या कापडाने एक इंचभर जागा पुसा. कापड करडं किंवा पिवळसर झालं तर तो मळच.

चमक असेल तर पहिल्या ते पाचव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) मागे, जिथे अंगठा सर्वांत जास्त फिरतो तिथे, आरशासारखा गुळगुळीत डाग दिसतो. पुसून कापड स्वच्छच राहतं. हे झिजणं आहे, मळ नाही.

थर उडालेला असेल तर लाकडाचा रंग बदललेला दिसतो, मेपलवर (फिक्या रंगाच्या लाकडावर) तो राखाडी होतो. खात्री करायची तर बोटाच्या टोकाने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब गोल उभा राहिला तर थर शाबूत आहे. खालचं लाकूड दहा-पंधरा सेकंदांत गडद झालं तर थर गेला आहे. थेंब लगेच टिपून घ्या. अशा जागेवर ओलं कापड पुन्हा लावू नका, पाणी आत मुरत राहील. तिथे काम कारागिराचं आहे.

काय काय लागेल

मायक्रोफायबरची तीन कापडं: एक ओलं, एक कोरडं, एक नॅफ्थासाठी. ती एकमेकांत मिसळू नका, आणि धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर कापडावरून नेकवर येतो. साधं पाणी २०० मिली आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब. पाणी शक्यतो आरओचं घ्या. आपल्या भागात बोअरचं पाणी जड आहे, ते सॅटिनवर वाळलं की क्षारांचा पांढरट ठसा उमटतो आणि मॅट काळ्या नेकवर तो फार दिसतो. सोबत कानातल्या कापसाच्या काड्या, कागदी मास्किंग टेप, आणि लायटर फ्लुइड, म्हणजे नॅफ्था. पानपट्टीवर किंवा मोठ्या स्टेशनरी दुकानात लायटरमध्ये भरायची छोटी बाटली मिळते, ती एका गिटारला दोन वर्षं पुरते. पंपावरचं पेट्रोल हा त्याला पर्याय नाही, त्यात रंग आणि इतर रसायनं असतात. एनसी थिनर तर बाटली उघडूसुद्धा नका. तो नायट्रोचा थर विरघळवतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोनही तेच करतं.

घरात हमखास असलेल्या आणखी काही वस्तू लोक वापरतात. टूथपेस्टमध्ये बारीक खर (घासणारे कण) असते, ती सॅटिनला तुकड्यातुकड्यांनी चमकवते. पांढरा ‘जादूचा’ स्पंज म्हणजे मेलामाइनचा फोम, तोही घासणारच आहे. काच पुसायच्या फवाऱ्यात बऱ्याचदा अमोनिया किंवा स्पिरिट असतं. हँड सॅनिटायझर लावून लगेच गिटार उचलू नका, नायट्रोच्या नेकवर त्याने बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात.

धुण्याचं काम, पायरीने

हात साबणाने धुवून कोरडे करा. टेबलावर जाड चादर पसरा, गिटार पालथी ठेवा, नेकच्या वरच्या टोकाखाली, नटच्या (तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) जवळ, घट्ट गुंडाळलेला टॉवेल द्या. ट्यूनिंग की टेबलाला टेकता कामा नयेत. नुसती मागची बाजू पुसायची असेल तर तारा काढायची गरज नाही. फिंगरबोर्डही (नेकची पुढची, तारांखालची पट्टी) करायचा असेल तर तारा बदलण्याच्या दिवशीच सगळं उरका. फ्लोटिंग ब्रिज (तारांच्या ताणावर तोललेला ब्रिज) असेल तर सगळ्या तारा एकदम सोडू नका.

सर्वप्रथम कोरड्या कापडाने नेक हीलपासून (नेक बॉडीला मिळतो तिथून) नटपर्यंत, एकाच दिशेने, दाब न देता. धूळ राहिली आणि त्यावर ओलं कापड आलं की धुळीचा चिखल होतो, आणि तो चिखल घासतो.

मग ओलं कापड. साबणाच्या पाण्यात कापडाचा एक कोपरा बुडवून असा पिळा की मुठीत धरून दाबला तरी थेंब पडू नये. कापड गालाला लावून पाहा: गार वाटलं पण गालावर पाणी राहिलं नाही, म्हणजे बरोबर. १५-२० सेंमीचा एक टप्पा घ्या, लांबीच्या दिशेने चार-पाच वेळा पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा, मग पुढचा टप्पा. गोल-गोल फिरवू नका. लॅकरच्या उंचवट्यांवर गोल घासणीचे ठसे कडेच्या उजेडात वर्तुळांसारखे दिसतात. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने एकदा, साबण मागे राहू नये म्हणून. साबण राहिला तर तोच खड्डे भरतो, आणि दुसऱ्या दिवशी नेक आधीपेक्षा चिकट लागतो. बरेच लोक इथे ‘साबणाने फिनिश खराब झालं’ म्हणतात. फिनिश शाबूत असतं, साबण धुतलेला नसतो.

नटच्या कडेला आणि ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, बाक सांभाळणाऱ्या धातूच्या सळईच्या) तोंडाशी ओलं कापड नको. तिथे पाणी आत शिरतं आणि वाळत नाही. तिथे काडीने काम करा.

साबणाने न निघालेलं तेलकट, चिकट, गोंदासारखं जे उरतं त्यासाठी नॅफ्था. खिडक्या उघडा. देवघरात निरंजन किंवा उदबत्ती असेल, शेजारच्या खोलीत गॅस चालू असेल, तर आधी ते बंद करा. नॅफ्थाची वाफ जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ज्योतीने पेटते. कापडावर पाच-सहा थेंब घ्या, बाटली बंद करा, मग एक टप्पा पुसा. नॅफ्था अर्ध्या मिनिटात उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही, म्हणून तो इथे चालतो. जुन्या स्टिकरचा गोंद, कॅपोच्या (नेकवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या) रबराचा काळा माग, फर्निचर पॉलिशचा थर, सगळ्यावर हा उतारा आहे. फर्निचर पॉलिशसाठी मात्र दोन-तीन फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक फेरीला कापडाची नवी बाजू घ्या, नाहीतर तेच परत पसरतं. काम झाल्यावर कापड बाल्कनीत उघडं वाळवा, मुठीत चुरगळून डब्यात टाकू नका.

हळद, भडंग आणि गुलाल

इतर ठिकाणच्या मार्गदर्शिकांत हे सापडत नाही, आपल्याकडे मात्र हे रोजचंच आहे. सरावाच्या मध्ये भडंगाचा पुडा फुटतो, आणि तेल, तिखट, हळद एकदमच नेकवर येतं. मेपलच्या फिक्या सॅटिन नेकवर हळदीचं बोट उमटलं की पाणी उपयोगाचं नाही, कारण हळदीचा पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही. आणि साबण लावला की तो डाग लाल होतो. घाबरू नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच हा प्रकार: क्षारात कर्क्युमिन लालसर होतं. साध्या पाण्याच्या कापडाने साबण काढला की रंग परत पिवळा होतो.

डाग काढायचा क्रम असा. आधी नॅफ्थाने तेल काढा, तेलाबरोबर निम्मा डाग जातो. नेक पीयूचा असल्याची खात्री असेल तरच कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डागावर दोन-तीन सेकंद टेकवा, टिपा, नवी काडी घ्या. घासायचं नाही, टेकवायचं. नायट्रोवर ही पायरी पूर्ण वगळा. जो फिकट पिवळा उरतो त्यावर सर्वांत चांगला उपाय उजेड आहे. कर्क्युमिन उजेडात विघटित होतं, म्हणून तर उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग उतरतो. गिटार भर उन्हात मात्र ठेवायची नाही. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही पण उजेड भरपूर असेल अशा ठिकाणी काही दिवस राहू द्या. थर शाबूत असलेल्या नेकवर डाग बहुतेक निघून जातो. थर उडालेल्या लाकडात हळद मुरली असेल तर ती राहणार.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं तूप त्या मानाने सोपं. एकदा नॅफ्था, एकदा साबणाचं कापड, संपलं.

गुलालाचं मात्र जपून. गणपतीत मिरवणुकीबरोबर वाजवणाऱ्यांच्या नेकवर गुलाल बसतो आणि पहिली प्रतिक्रिया ओलं कापड फिरवण्याची असते. तीच चूक. आजच्या गुलालात पाण्यात उतरणारा रंग असतो. ओला झाला की तो खड्ड्यांत शिरतो आणि फिका नेक गुलाबी होतो. आधी फुंकर, मग रंगकामाच्या नव्या कोरड्या मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने झाडा, फ्रेटच्या टोकांशी आणि नटशी विशेष. मग कोरडं कापड. मग नॅफ्था. पाण्याचा नंबर सर्वांत शेवटी, आणि तोही कापडावर रंग येणं थांबल्यावरच.

चमकलेला भाग परत सॅटिन करणं

हे प्रत्येकाने करायलाच हवं असं नाही. चमक हा दोष नाही, वापराची खूण आहे, आणि ज्याला हाताला त्रास होत नाही त्याने नेक तसाच ठेवावा हे आमचं स्पष्ट मत आहे. बोट अडकत असेल आणि नेक पीयूचा असेल तर पुढे वाचा. सॅटिन नायट्रोवर थर फार पातळ असतो, तिथे घरी हात घालू नका. नेकला जुनाट पिवळसर छटा दिलेली असेल तर तिथेही थांबा. ती छटा बऱ्याचदा लॅकरमध्येच असते, घासली की फिका पट्टा उघडा पडतो.

तुम्हाला उंचवटे परत ‘लावायचे’ नाहीत, सपाट झालेल्या पृष्ठभागावर बारीक, एकसारख्या रेघा पाडायच्या आहेत. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात करडा स्कफ पॅड मिळतो, तो घ्या. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी दिसायला तशीच असते म्हणून कित्येक नेक तिच्यापायी गेले आहेत. तिच्यातली खर फार जाड असते, तिचे ओरखडे नखाला लागतात. स्टील वूल वापरणारे ०००० नंबरचं वापरतात आणि ते काम चोख करतं, पण त्याचे लोखंडी तुकडे इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतात, आणि लाकडाच्या रंध्रांत अडकलेले कण पहिल्याच पावसाळ्यात गंजून काळे ठिपके होतात. आपल्या हवेत करडा पॅडच बरा.

नेक आधी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण स्वच्छ करा. मळावर पॅड चालवला तर मळच रगडला जातो. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा, हेडस्टॉकवरचा (नेकच्या टोकावरचा) लोगो आणि पिकअप मास्किंग टेपने झाका. पॅडचा तळहाताएवढा तुकडा कापा, तो नेकभोवती अर्धगोलात धरा आणि हीलपासून नटपर्यंत एकाच लांब ओढीत न्या. दाब एवढाच, की पॅडचं वजन आणि हाताचं थोडं. अर्ध्यात थांबू नका. जिथे हात थांबतो तिथे रेघा दाट होतात आणि उजेडात तो पट्टा दिसतो. टोकाशी पोहोचता पोहोचता हात उचलत न्या. दहा ओढी झाल्या की कोरड्या कापडाने पूड पुसा, नॅफ्थाचा एक हात मारा, टॉर्चने पाहा. बहुतेक नेक वीस ते तीस ओढींत एकसारखे दिसतात. फक्त चमकलेल्या जागीच घासायचा मोह टाळा. तेवढ्याच जागी केलं तर तो भाग आणि बाकीचा नेक वेगळे दिसतात, पूर्ण लांबी करा.

निघणारी पूड पांढरी असली पाहिजे. ती लॅकरची आहे. पुडीला लाकडाचा पिवळा-तपकिरी रंग आला तर त्या क्षणी थांबा, थर संपत आलाय. लॅकरचा हा थर साधारण कागदाच्या एका पानाइतकाच असतो, त्यामुळे हे काम वर्षातून एकदापेक्षा जास्त नको, आणि नेकच्या आयुष्यात मोजक्या वेळाच. ग्लॉसी नेकला सॅटिन करतानाही हीच रीत आहे, फक्त ओढी जास्त लागतात. तो काही महिन्यांत अंगठ्याखाली परत चमकायला लागेल, हे आधीच माहीत असू द्या. आणि नव्या गिटारवर वॉरंटी असेल तर ती आधी वाचा.

तेल-मेणाचा नेक

इथे उलटं आहे: इथे तेल लावावं लागतं, कारण लाकूड आणि हात यांच्यामध्ये दुसरं काही नाही. मळ साबणाच्या अगदी कोरड्या पिळलेल्या कापडाने काढा, दोन तास वाळू द्या. नेक खडबडीत झाला असेल तर करड्या पॅडचे पाच-सहा हलके हात. मग गनस्टॉक ऑइलचे चार-पाच थेंब सुती कापडावर घ्या (जुन्या बनियनचा तुकडा उत्तम), पूर्ण नेकवर पातळ पसरवा, पाच मिनिटांनी दुसऱ्या कापडाने सगळं पुसून घ्या. सगळं म्हणजे सगळं. वर राहिलेलं तेल वाळून चिकट पापुद्रा होतं. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस वाळू द्या. वर्षातून एक-दोनदा एवढं पुरे.

जवस तेल किंवा गनस्टॉक ऑइल लावलेली कापडं वाळताना आपोआप तापतात, गोळा करून ठेवली तर पेटूही शकतात. दोरीवर उघडी पसरवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका. खोबरेल तेल इथेही नको, ते वाळत नाही, लाकडात ओलंच राहतं आणि धूळ धरतं.

पॉलिशवाल्याकडे नेण्याआधी

मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांचा लाकडावरचा हात असा आहे की गिटारचंही काम त्यांच्याकडे न्यावं असं वाटणं साहजिक आहे. फ्रेट, ब्रिज, तडा, सांधा यासाठी जरूर विचारा. फिनिशबद्दल मात्र आधी बोलून घ्या. तंतुवाद्यांना परंपरेने चपड्याचं पॉलिश होतं, चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. सतारीच्या दांडीवर ते देखणं दिसतं. सॅटिन पीयूच्या नेकवर चढवलं तर खड्डे भरून तो ग्लॉसी होतो, घामट हाताखाली मऊ पडतो, सॅनिटायझरच्या थेंबाने विरघळतो आणि ओलाव्याने पांढरट होतो. कारागिराला स्पष्ट सांगा: ‘मूळ थर पीयूचा आहे, तो ठेवायचाय, त्यावर चपडा नको.’ फर्निचरचं मेलामाइन पॉलिश मारून देतो म्हणणाऱ्यालाही हेच.

फिंगरबोर्ड, थोडक्यात

रोझवुडच्या फिंगरबोर्डवर लॅकर नसतं, तिथे सहा महिन्यांतून एकदा फिंगरबोर्डसाठीच्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब चालतात. तेल कडेवरून मागच्या सॅटिनवर ओघळलं तर नॅफ्थाने लगेच पुसा. मेपलच्या फिंगरबोर्डवर बहुधा लॅकर असतं, त्याला तेल लावायचं नाही, नेकच्या मागच्या बाजूसारखंच वागवा.

हवा आणि ठेवण्याची जागा

रोजचं एकच काम आहे: वाजवून झालं की कोरड्या कापडाने अर्धा मिनिट नेक पुसणं. ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांनी सरावाच्या मध्येही एकदा. घामातलं मीठ आणि आम्ल रात्रभर बसू दिलं नाही तर वरच्या निम्म्या गोष्टींची पाळीच येत नाही.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिलच्या दुपारी सांगलीत हवा याच्या कितीतरी खाली जाते. मग फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. हे मळ किंवा खराब सॅटिन समजून कडा घासू नका. गिटार केसमध्ये ठेवा, केसमध्ये ओलावा देणारी पिशवी ठेवा, दोन-तीन आठवड्यांनीही टोचलं तर कारागिराकडून टोकं फाइल करून घ्या. पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे, पाटण-कोयनेच्या खोऱ्यात, मेढ्याच्या बाजूला कापडी बॅगेत बंद ठेवलेल्या गिटारच्या नेकवर जुलैअखेर पांढरी-राखाडी बुरशी येतेच. ती घरात झाडू नका, बाहेर नेऊन तोंडाला रुमाल बांधून कोरड्या कापडाने काढा, कापड फेकून द्या, मग साबणाचं कापड, मग सावलीत पंख्याखाली. बॅग मात्र कडक उन्हात वाळवा. केसमध्ये सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक. बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नका, पावसाळ्यात त्या भिंतीची ओल नेकपर्यंत येते. स्टँडचं आणि हँगरचं रबर, कॅपोचं रबर नायट्रोला चालत नाही, काळपट खड्डा पडतो. त्यावर सुती कापड गुंडाळा, कॅपो वाजवून झालं की काढा.

ऋतू बदलला की नेकचा बाकही पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर सहावी तार दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट साधारण ०.२ ते ०.३ मिमी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच, मग परत मोजा. अडला तर जोर करू नका.

पुरात सापडलेली गिटार

कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीच्या घराघरांत शिरलं, त्यामुळे हेही सांगायला हवं. तारा लगेच सैल करा, तोडू नका. सगळ्या तारा उतरल्या की ट्रस रॉड पाव ते अर्धा फेरा सोडा, नाहीतर ओला नेक उलट्या बाजूला वाकतो. नेकवरचा गाळ वाळू देऊ नका आणि कोरडा असताना पुसू नका. त्यात रेती असते, ती सॅटिनला पॉलिश पेपरसारखी घासते. स्वच्छ पाण्याचं भरपूर ओलं कापड ठेवून गाळ मऊ करा, टिपा, कापड खळखळून धुवा, परत ठेवा. इथे ओलं कापड चालतं, लाकूड आधीच ओलं आहे. मग गिटार सपाट, पाठीवर, दोन लाकडी पट्ट्यांवर सावलीत ठेवा, पंखा मंद, लांबून. ऊन नको, हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात घालणं तर मुळीच नको. लॅकर पांढुरकं झालं असेल तर ते अडकलेलं पाणी आहे, लाकूड वाळत जाईल तसं बऱ्याचदा आपोआप निवळतं, त्यावर काही चोळू नका. कडेने थर सुटून पापुद्रे आले असतील तर नखाने काढू नका, मास्किंग टेपही लावू नका. किमान तीन आठवडे जाऊ द्या, आर्द्रतामापक खोलीत आणि केसमध्ये सारखाच आकडा दाखवायला लागला की मग एक-एक तार चढवा, आणि पहिले दोन दिवस सुरापेक्षा एक स्वर खालीच ठेवा.